बोलीचा करार

मराठीतील ‘बोली’ या शब्दाला एकाच वेळी तीन ठिकाणी राबावे लागते. भाषाविज्ञानाच्या वर्गात तो वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांसारख्या लोकभाषांसाठी येतो. बाजार समितीच्या ओट्यावर तोच शब्द लिलावातल्या भावासाठी येतो. ‘सोयाबीनची बोली कितीवर गेली?’ असे आपण विचारतो. जुन्या व्यवहारात मात्र बोली म्हणजे ठरलेली अट, तोंडी झालेला करार. ‘हे आपल्या बोलीत नव्हते’ असे म्हणणारा माणूस उच्चारांविषयी तक्रार करत नसतो, तर मोडलेल्या अटीविषयी बोलत असतो. बोलणे, भाव सांगणे आणि करार करणे या तीन क्रिया भाषेने एका शब्दात का ठेवल्या असतील, याचा विचार करण्यासारखा आहे.

ब्रिज नावाच्या पत्त्यांच्या खेळात या तिन्ही अर्थांची एकत्र गाठ पडते. तेथे खेळाडू लिलावासारखी बोली लावतात, त्या बोलीतूनच आपल्या भिडूशी संवाद साधतात आणि शेवटी टिकलेली बोली हाच त्या डावाचा करार ठरतो. गेली वीस-बावीस वर्षे मी बुलढाण्यात हा खेळ खेळत आलो आहे आणि त्याहून काही अधिक वर्षे भाषाविज्ञान शिकवत आलो आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत असे मला पूर्वी वाटत असे. आता तसे वाटत नाही. भाषेतील संकेत म्हणजे काय, हे समजावून सांगताना मला या खेळातील एक लहानसा प्रसंग फार उपयोगी पडतो. एका भिडूने ‘एक बिनहुकमी’ अशी बोली लावली, तर दोघांच्या पानांत इस्पिकाची किंवा बदामाची जुळणी आहे की नाही, हे दुसऱ्याने कसे शोधावे? प्रश्न पत्त्यांचा दिसतो, पण त्याचे उत्तर भाषेच्या स्वभावात आहे.

खेळ आणि त्याची शब्दसंपदा

पत्त्यांविषयी आपल्या समाजात एक संशय असतो. तो तीनपत्तीमुळे आला आहे आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु सर्व खेळ एका मापाने मोजता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीविषयीच्या एका खटल्यात हा भेद स्पष्ट केला. तीनपत्तीसारखा खेळ केवळ दैवावर चालतो, रमी आणि ब्रिज मात्र मुख्यतः कौशल्याचे खेळ आहेत, असे न्यायालयाने म्हटले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांची वये तेव्हा अनुक्रमे साठ आणि छप्पन्न होती.

ज्यांनी घरी मेंढीकोट, तीनशेचार किंवा जजमेंट खेळले आहे, त्यांना ब्रिजचा सांगाडा परका वाटणार नाही. चार खेळाडू असतात आणि समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. बावन्न पाने पिसून प्रत्येकी तेरा वाटली जातात. प्रत्येकाने एकेक पान टाकले की एक हात होतो. असे तेरा हात. एखादा रंग हुकूम ठरला की त्याच्या दुर्रीनेही दुसऱ्या रंगाचा एक्का कापता येतो. इंग्रजीतील ‘ट्रम्प’ हा शब्द विजयवाचक ‘ट्रायम्फ’ या शब्दावरून आला. आपला ‘हुकूम’ अरबीतून आला आणि त्याचा अर्थ आज्ञा. एकाच पानाकडे एका भाषेने जय म्हणून पाहिले, दुसरीने सत्ता म्हणून.

पाने खेळण्याआधी बोली लागते. बोलीत एक ते सात यांपैकी एक अंक आणि त्यापुढे रंगाचे नाव एवढेच असते. रंग पाच मानायचे : किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि पाचवा ‘बिनहुकमी’, म्हणजे कोणताच रंग हुकूम नाही. अंकात सहा मिळवले की किती हात करण्याची हमी दिली ते कळते. ‘तीन बिनहुकमी’ म्हणजे हुकुमावाचून नऊ हात. पुढची बोली मागच्या बोलीपेक्षा वरचीच असावी लागते. या हिशेबाने साऱ्या बोल्या पस्तीस. त्यांत ‘पास’, ‘डबल’ आणि ‘रिडबल’ मिळवले की अडतीस. या भाषेचा संपूर्ण शब्दकोश एवढाच आहे. आणि सांगायचे किती? तेरा पाने हाती येण्याचे वेगवेगळे प्रकार ६,३५,०१,३५,५९,६०० इतके आहेत. अडतीस शब्दांत त्रेसष्ट हजार कोटींहून अधिक शक्यतांविषयी बोलायचे आहे, तेही समोरच्याला एकही पान न दाखवता.

एक बिनहुकमी : यानंतर काय?

पानांची ताकद मोजण्यासाठी एक साधी रीत सर्वत्र रूढ आहे. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. पूर्ण जोडात मिळून चाळीस. आज बहुतेक ठिकाणी ‘एक बिनहुकमी’ ही पहिली बोली पंधरा ते सतरा गुण आणि चारही रंगांत सारखी विभागलेली पाने दाखवते. एखाद्या रंगाचे पानच नाही किंवा एकच पान आहे, असे या बोलीत बसत नाही. म्हणजे एका बोलीने भिडूला ताकदही कळली आणि घडणही. एवढी नेमकी माहिती देणाऱ्या बोल्या या खेळात थोड्याच आहेत.

तरीही एक गोष्ट कळलेली नसते. इस्पिक आणि बदाम हे ‘मेजर’ रंग. त्यांत सहाच्या वरच्या प्रत्येक हाताला तीस गुण मिळतात. चौकट आणि किलवर या ‘मायनर’ रंगांत वीस. बिनहुकमीत पहिल्या हाताला चाळीस आणि पुढच्या प्रत्येकाला तीस. शंभर गुणांचा करार पुरा केला की मोठे बक्षीस असते, त्याला ‘गेम’ म्हणतात. त्यासाठी बिनहुकमीत नऊ हात लागतात, मेजर रंगात दहा आणि मायनर रंगात अकरा. म्हणूनच गेमच्या शोधात असलेल्या जोडीपुढे बहुधा दोनच वाटा असतात : तीन बिनहुकमी किंवा चार मेजर.

मेजर रंग हुकूम करायचा तर दोघांत मिळून त्याची निदान आठ पाने हवीत. आठ असली की प्रतिपक्षाकडे पाचच उरतात, आणि ती शंभरातून सुमारे ६८ वेळा तीन-दोन अशी वाटलेली असतात. तीनदा हुकूम खेळला की प्रतिपक्षाचे हुकूम संपतात आणि आपल्याकडे कापायला पान उरते. आठ पाने दोन रीतींनी होतात : चार आणि चार, किंवा पाच आणि तीन. या दोन रीतींसाठी दोन वेगळे संकेत निर्माण झाले.

न पाहिलेली चार पाने

एक प्रत्यक्ष डाव पाहू. माझ्या भिडूंच्या हाती पुढील पाने होती. इस्पिक : एक्का, राणी, सत्ती, तिर्री. बदाम : राजा, अठ्ठी. चौकट : एक्का, नव्वी, छक्की, दुर्री. किलवर : राजा, दश्शी, चव्वी. एकूण सोळा गुण. त्यांनी ‘एक बिनहुकमी’ लावली. माझ्याकडे इस्पिक : राजा, गुलाम, अठ्ठी, चव्वी. बदाम : राणी, गुलाम, छक्की, तिर्री. चौकट : सत्ती, पंजी. किलवर : राणी, गुलाम, दुर्री. एकूण दहा गुण. दोघांचे मिळून निदान पंचवीस होणार, म्हणजे गेम लावण्याइतकी ताकद आहे, हे मला लगेच कळले. कोणता गेम, ते मात्र कळले नाही.

मी सरळ ‘तीन बिनहुकमी’ म्हटले असते तर काय झाले असते? प्रतिपक्षाने चौकट उतरली असती. आमच्याकडे त्या रंगात एक्का हा एकच अडसर. इस्पिकाचे चार आणि चौकटीचा एक असे पाच हात तयार आहेत. बाकीचे चार बदाम आणि किलवर या रंगांतून काढायचे, तर त्या दोन्ही रंगांचे एक्के प्रतिपक्षाकडे. ते घालवायला दोनदा उतारी सोडावी लागते, आणि तेवढ्यात चौकटीचे हात तिकडे जातात. करार बहुधा एका हाताने बुडतो. तोच डाव इस्पिक हुकूम करून खेळला, तर चौकटीचा एकच हात जातो, पुढची चौकट मी कापतो. बदाम आणि किलवर यांचे दोन एक्के गेले तरी दहा हात पुरे होतात. पाने तीच, ताकद तीच. फरक पडतो तो दोघांकडे चार-चार इस्पिके आहेत हे कळल्याने.

ते विचारायचे कसे? ‘तुमच्याकडे चार पानी मेजर आहे का?’ असे वाक्य या भाषेत नाही. म्हणून खेळाडूंनी एक शब्द त्याच्या मूळ अर्थातून मोकळा केला. ‘एक बिनहुकमी’नंतर भिडूने ‘दोन किलवर’ म्हटले, तर किलवराविषयी काहीही सांगितलेले नसते. तो वरचाच प्रश्न असतो. उत्तरात ‘दोन बदाम’ म्हणजे चार बदाम आहेत, ‘दोन इस्पिक’ म्हणजे चार इस्पिके आहेत, बदाम नाहीत. ‘दोन चौकट’ म्हणजे चौकट आहे असे नव्हे, तर दोन्ही मेजरांपैकी एकाचीही चार पाने नाहीत. मी ‘दोन किलवर’ विचारले, भिडूंनी ‘दोन इस्पिक’ म्हटले आणि मी ‘चार इस्पिक’ लावून करार पक्का केला.

या संकेताला ‘स्टेमन’ म्हणतात. सॅम्युएल स्टेमन या अमेरिकन खेळाडूने १९४५ साली ‘द ब्रिज वर्ल्ड’ या मासिकात तो मांडला. पण युक्ती मूळची त्याचा भिडू जॉर्ज रपी याची होती. इंग्लंडमध्ये जॅक मार्क्स यानेही ती स्वतंत्रपणे शोधली होती. नाव मात्र ज्याने लिहून प्रसृत केले त्याचे राहिले. शब्दांच्या इतिहासातही असे पुष्कळदा घडते. शब्द कोणी घडवला हे हरवते, तो कोणी चालवला हे उरते.

एक शब्द, तीन अर्थ

पाच आणि तीन अशा जुळणीसाठी दुसरा संकेत आहे. उत्तर देणाऱ्याकडे पाच बदाम असतील तर तो ‘दोन चौकट’ म्हणतो. भिडूने ‘दोन बदाम’ म्हणायचे असते. पाच इस्पिके असतील तर ‘दोन बदाम’ म्हणायचे, मग भिडू ‘दोन इस्पिक’ म्हणतो. याला ‘ट्रान्सफर’ म्हणतात. ऑस्वाल्ड जेकोबीने १९५६ साली तो अमेरिकेत रूढ केला; स्वीडनमध्ये ओले विल्नर याने त्याआधीच त्यावर लिहिले होते. इतका वळसा घेण्यामागे कारण आहे. जो तो रंग प्रथम बोलतो, तोच डाव खेळतो आणि त्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी होतात. या वळशामुळे बलवान पाने झाकलेली राहतात आणि पहिली उतारी त्यांच्याकडे चालत येते. शिवाय, दुबळ्या पानांच्या भिडूला ‘दोन बदाम’वर पास म्हणून थांबता येते आणि सबळ पाने असतील तर पुढे बोलताही येते. ‘तीन बिनहुकमी’ म्हणून तो निवड भिडूवर सोपवतो : तीन बदाम असतील तर ‘चार बदाम’ करा, दोनच असतील तर येथेच थांबा.

आता ‘दोन चौकट’ या बोलीचा विचार करा. स्टेमनच्या उत्तरात ती ‘चार पानी मेजर नाही’ असे सांगते. ट्रान्सफर म्हणून ती ‘पाच बदाम आहेत’ असे सांगते. डावाची पहिलीच बोली म्हणून आली तर तिचा आणखी निराळा अर्थ होतो. ध्वनी तेच, चिन्ह तेच. अर्थ ठरतो तो ती कोणी, कोणत्या बोलीनंतर उच्चारली यावरून. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, म्हणजे ते निसर्गाने नव्हे तर समाजाच्या संकेताने बांधलेले असते, आणि प्रत्येक चिन्हाचे मोल व्यवस्थेतील इतर चिन्हांच्या संदर्भात ठरते, हे सोस्यूरचे सूत्र आपण अभ्यासले आहे. १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्याने भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली आहे. ती तुलना व्यवस्थेपुरती नेमकी आहे. परंतु बुद्धिबळात सारे मोहरे दोघांनाही दिसतात आणि भिडू नसतो. भाषेत तसे नसते. माझ्या मनातले तुम्हाला दिसत नाही, तुमच्या मनातले मला दिसत नाही आणि तरी दोघांना मिळून काही करायचे असते. या बाबतीत मला ब्रिज भाषेच्या अधिक जवळचा वाटतो.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा. ‘दोन किलवर’ ही बोली किलवराऐवजी मेजराविषयी बोलते, म्हणून ती लक्षणा आहे असे विद्यार्थी चटकन म्हणतात. पण लक्षणेत केवळ मुख्यार्थबाध पुरत नाही; मुख्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांत काही संबंधही असावा लागतो. ‘गंगेवर घोष’ या शास्त्रप्रसिद्ध उदाहरणात गंगा आणि तीर यांचा संबंध आहे. किलवर आणि चार पानी मेजराचा प्रश्न यांत कसलाच संबंध नाही. म्हणून ही लक्षणा नव्हे. हा नव्याने ठरवलेला वाच्यार्थच आहे. अभिधाच, पण दुसऱ्या कराराखालची.

मग या खेळात न उच्चारलेला अर्थ कोठे येतो? समजा, ‘दोन किलवर’ला भिडूने ‘दोन बदाम’ असे उत्तर दिले आणि विचारणाऱ्याने त्यावर ‘तीन बिनहुकमी’ म्हटले. इस्पिकाचे नाव कोणी घेतले नाही. तरी पहिला भिडू मनाशी म्हणतो : यांनी मेजर विचारला, म्हणजे यांच्याकडे चार पानी मेजर आहे, बदाम ऐकून हे थांबले नाहीत, म्हणजे तो बदाम नव्हे, तेव्हा तो इस्पिक. त्याच्याकडे बदामांबरोबर चार इस्पिकेही असतील तर तो ‘चार इस्पिक’ करतो. न बोललेला रंग असा हुकूम होतो. याला व्यंजना म्हणावे का? ध्वनी हा वस्तुतः अनुमानच आहे असे ‘व्यक्तिविवेक’ या ग्रंथात मांडणाऱ्या महिमभट्टाला हे उदाहरण फार आवडले असते, असे मला वाटते. येथे अर्थ सुचतो तो तर्काच्या पायऱ्यांनी. पण त्या तर्काला आधार एकाच गोष्टीचा आहे : भिडू नियमाने बोलतो आहे, उगाच बोलत नाही, हा विश्वास. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने संभाषणाचे जे सहकार-तत्त्व सांगितले, ते याहून वेगळे नाही.

झाकलेली बोली आणि उघडी बोली

संकेत म्हटले की गुप्ततेची कल्पना मनात येते. आपल्या परंपरेत गुप्त भाषांची उणीव नाही. बोटांनी बोलायची करपल्लवी आहे, डोळ्यांनी बोलायची नेत्रपल्लवी आहे, मुलांची ‘च’ची भाषा आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल झाल्यावरच ते साहित्य सर्वांच्या हाती आले.

आपल्या भागाला जवळचे उदाहरण बाजाराचे आहे. खामगाव ही कापसाची जुनी, नामांकित पेठ. जुन्या काळी देशातील अनेक बाजारांत ‘हत्ता’ पद्धतीने भाव ठरत असे. आडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हातात हात धरत आणि बोटे दाबून रक्कम सांगत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असे, आणि त्यालाच भाव कळत नसे. वऱ्हाडात बाजाराला कायद्याची चौकट लवकर मिळाली. कारंजा येथील कापसाच्या बाजाराचे नियमन १८८६ साली सुरू झाले आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. पुढे बाजार समित्यांच्या नियमांनी उपरणे दूर केले आणि बोली उघड्यावर आणली.

ब्रिजची नीती या दुसऱ्या बाजूची आहे. पाने झाकलेली, पण भाषा उघडी. मी आणि माझे भिडू यांनी ‘दोन चौकट’चा जो अर्थ ठरवला असेल, तो प्रतिपक्षाने विचारला तर सांगणे आम्हाला बंधनकारक आहे. ठरवलेल्या कृत्रिम बोलीची सूचना आपण होऊन द्यावी लागते. आवाजाचा चढउतार, रेंगाळणे, भुवई उंचावणे यांतून भिडूने अर्थ घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणून स्पर्धांत तोंडाने बोली लावत नाहीत. छापलेल्या बोल्यांची कार्डे पेटीतून काढून टेबलावर ठेवतात. १९७५ च्या जागतिक अजिंक्यपदापासून मोठ्या स्पर्धांत भिडूंच्या मध्ये पडदाही आला. एकमेकांचा चेहरा दिसत नाही. दिसते ती केवळ बोली. संकेत खाजगी असला की तो कट होतो, सर्वांना खुला असला की ती भाषा होते. या दोहोंतली सीमारेषा इतकी स्वच्छ आखलेला दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

अडतीस शब्दांचे मोल

माझे भिडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. मूळचे घाटाखालचे. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला सर म्हणत. नोकरीत त्यांनी प्रमाण मराठी वापरली, पण पत्ते हातात आले की वऱ्हाडी सुटायची. मी बोलीआधी त्यांच्याकडे पाहिले तर ते म्हणत, “सर, पानं पाहून बोला, माह्या तोंडाकडं पाहून नोका बोलू.” खेळाचा कडक नियम त्यांनी असा घरगुती करून ठेवला होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली. ऐकलेले बहुतेक कळत होते. शब्द मात्र ओठांवर येत नव्हते. आला तर भलताच येई. ‘हो’ म्हणायचे असे तेथे ‘नाही’ येई, आणि तो चुकला आहे हे त्यांना कळत असे. वाचाघाताचे हे रूप मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले होते. १८६१ साली पॉल ब्रोकाने ज्या रुग्णाचे वर्णन केले, तो ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकत असे, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पुस्तकात त्या माणसाचा संताप दिसत नाही. साहेबांचा मला दिसला. त्यांनी माणसांत बसणे सोडले.

पाच-सहा महिन्यांनी त्यांच्या सूनबाईंनी विचारले, “सर, पत्ते घेऊन येता का एकदा?” आमच्या नेहमीच्या चौकडीतले दोघे आणि मी, असे आम्ही त्यांच्या घरी गेलो. पाने धरायला लाकडी खाच असलेली पट्टी केली होती. बोल्यांची पेटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. पहिले दोन डाव प्रतिपक्षाचे झाले, साहेब पासची कार्डे ठेवत राहिले. तिसऱ्या डावात त्यांनी पानांकडे बराच वेळ पाहिले आणि ‘एक बिनहुकमी’चे कार्ड ठेवले. मी ‘दोन किलवर’ ठेवले. त्यांची बोटे पेटीवरून फिरली, थांबली, मग त्यांनी ‘दोन इस्पिक’ काढले. वर सांगितलेला डाव तो हाच. मी ‘चार इस्पिक’ केले. ट्रान्सफर नसल्याने इस्पिक प्रथम त्यांनीच बोलले होते, म्हणून डाव त्यांनाच खेळायचा होता. चौकटीची उतारी आली. त्यांनी दहा हात केले.

शेवटचा हात ओढून घेतल्यावर ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “नाही, नाही.” आणि हसले. शब्द चुकला होता. काय म्हणायचे होते, ते चौघांनाही कळले.

एका उदाहरणावरून सिद्धांत काढू नये, हे मी तुम्हाला शिकवतो आणि मीही ते पाळतो. समोर ठेवलेल्या अडतीस कार्डांतून निवडणे हे हजारो शब्दांतून एक आठवून उच्चारण्यापेक्षा सोपे असते, एवढे म्हणता येईल. कित्येक वर्षांच्या सरावाने पक्का झालेला संकेत उरला होता, असेही म्हणता येईल. पण त्या संध्याकाळी साहेबांनी मला एक नेमकी, खरी, उपयोगी गोष्ट सांगितली : ‘माझ्याकडे चार इस्पिके आहेत.’ पाच-सहा महिन्यांत कोणाला काही सांगून ते पोचल्याचा तो पहिला प्रसंग होता. तेव्हापासून आठवड्यातून एक संध्याकाळ आम्ही त्यांच्याकडे बसतो.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण घाटावरून आणि घाटाखालून संपर्क सत्रांना येता. चिखली-मेहकरची बोलण्याची ढब वेगळी, मलकापूर-नांदुऱ्याची वेगळी. वर्गात ‘मले’ म्हणायचे की ‘मला’, या विचारात काही जण मुळीच बोलत नाहीत, हे मी पाहतो. ‘मले’ आणि ‘मला’ यांत एक शुद्ध आणि दुसरे अशुद्ध असे काही नाही. दोन्ही विभक्तीप्रत्यय आपापल्या समाजाच्या करारावर उभे आहेत, जशी ‘दोन चौकट’ ही बोली तिच्या टेबलाच्या करारावर उभी असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा करार निराळा आहे, तो शिकून घ्यावा आणि पाळावा. पण त्यासाठी घरचा करार मोडण्याचे कारण नाही. कोणत्या टेबलावर कोणता संकेत चालतो हे ओळखता येणे, यालाच भाषेची जाण म्हणतात.

भाषेचे सामर्थ्य शब्दांच्या संख्येत असते, असे आपण सहज धरून चालतो. अडतीस शब्दांची ही लहानशी बोली तसे सांगत नाही. समोरचा माणूस ठरलेल्या अर्थानेच बोलतो आहे असा भरवसा असला, तर थोडे शब्द पुरतात. तो भरवसा नसेल, तर मोठा शब्दकोशही अपुरा पडतो.

स्वाध्याय

१. ‘बोली’ या शब्दाच्या तीन अर्थच्छटा सांगून ब्रिजच्या खेळात त्या कशा एकत्र येतात, ते स्पष्ट करा.

२. ‘दोन किलवर’ ही बोली लक्षणेचे उदाहरण का ठरत नाही? मुख्यार्थबाध आणि संबंध या अटींच्या आधारे लिहा.

३. ‘एक बिनहुकमी’, ‘दोन किलवर’, ‘दोन बदाम’, ‘तीन बिनहुकमी’ या क्रमात इस्पिकाविषयीचे अनुमान कसे निघते, ते पायरीपायरीने मांडा.

४. तुमच्या परिसरातील एखादी गुप्त किंवा सांकेतिक भाषा (खेळातील, व्यवसायातील किंवा घरातील) निवडून तिचे संकेत नोंदवा. ती कोणासाठी उघडी आणि कोणासाठी बंद आहे, याची चर्चा करा.